बिगुलाच्या पोटातलं गाव

खरं सांगतो, ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. बिगुलाच्या आतली बुळबुळ आणि थुंकी, असलं कोण वाचणार? पण शाद्याचा खोकला आठवला आणि बसलो टाइप करायला. जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

तर, साल २०४१. यावलच्या एका शाळेचं बिगुल पथक. त्यातला सगळ्यात दमदार वाजवणारा शाहिद तडवी, म्हणजे आपला शाद्या. त्याचा जिगरी दोस्त मंथन. मंथनने फुंकलं की म्हैस हंबरल्यासारखा आवाज यायचा, म्हणून त्याने शाद्याचं बिगुल घासायचं काम घेतलं होतं. रोज चिंच लावून असं चमकवायचा, की पोरं त्यात बघून भांग पाडायची.

मग शाद्याला खोकला लागला. बारीक ताप, छातीत घरघर. दिवाळीच्या सुट्टीत खोकला गायब. शाळा सुरू झाली, की पुन्हा हजर!

"शाळेची ॲलर्जी आहे तुला," मंथन चिडवायचा. पण मनात किडा वळवळत होता. सुट्टीत नसतं आणि शाळेत असतं, असं काय? बिगुल! ते तर सुट्टीभर शाळेच्या कपाटात होतं.

मंथनने जंतू मारायचं औषध पाण्यात कालवलं, बिगुलात ओतलं, खळखळ हलवलं, ओतून टाकलं. "घे. आता बिनधास्त वाजव."

शाद्याने वाजवलं. तीन-चार दिवसांत, अर्ध्या सलामीत, छाती धरून तो मैदानातच खाली बसला. त्याच्या अब्बांनी विषय संपवला. "बस झालं. आजपासून बिगुल बंद."

मंथनला रडूच फुटायचं बाकी होतं. बिगुल उचललं, शाद्याला घेतलं आणि सरकारी दवाखान्याची प्रयोगशाळा गाठली. तिथल्या भारंबे मॅडम जंतूंचा अभ्यास करायच्या. त्यांनी काडेपेटीतून शेवई बाहेर काढली. शेवई म्हणजे शेवईएवढाच बारीक रोबो, डोक्याला कॅमेरा.

"पुन्हा गटारात?" शेवई कुरकुरली.

"गटार नाही!" मंथन भडकला. "शाळेतली सगळ्यात स्वच्छ वस्तू आहे ही."

"बाहेरून," शेवई म्हणाली आणि आत शिरली.

पडद्यावर चित्र उमटलं. नळीच्या वळणावर चिकट उंचवटे, मधून पाण्याच्या वाटा. एखादं गावच जणू.

"ही बायोफिल्म (जंतूंनी राहण्यासाठी बांधलेला चिकट थर)," मॅडम म्हणाल्या. "फुंकरीबरोबर ओल आत जाते. एखादा जंतू तरंगत येतो, भिंतीला चिकटतो. वाढतो, एकाचे अनेक होतात. प्रत्येक जण थोडं रसायन सोडतो. त्यावरून त्यांना कळतं, आपण किती जमलोय. तुम्ही मैदानात दोघंच असलात तर काय करता?"

"चेंडू टोलवत बसतो," शाद्या खोकत म्हणाला.

"आणि पुरेशी पोरं जमली की?"

"टीम पाडतो."

"तेही तसंच. पुरेसे जमले, की चिकट द्रव सोडून गाव बांधतात. नंतर काही जण सुटून दुसरीकडे जातात. तू फुंकून श्वास आत ओढलास, की ते थेट तुझ्या छातीत. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण तुझ्या फुफ्फुसांना हे सोसत नाही."

"पण मी औषध घातलं होतं!" मंथन म्हणाला.

मॅडमनी बशीतल्या पाण्यात तेच जंतू सुटे सोडले. वर मंथनचं औषध. सगळे मेले. मग नळीतल्या थरावर तेच औषध. वरचे मेले, खालचे जिवंत.

"थरातून औषध हळू झिरपतं, वाटेतच त्याचा जोर जातो. आणि तळातले जंतू उपाशी, जवळजवळ झोपलेले. अँटिबायोटिक (पेशंटला देतात ते जंतूंवरचं औषध) तर बरेचदा वाढत्या जंतूंनाच मारतं. औषध थांबलं, की झोपलेले उठतात आणि गाव पुन्हा उभं. दातांवरचा पिवळा थर असाच. पेशंटच्या लघवीच्या नळीवर, हाडातल्या सळईवरही असाच थर धरतो. कधी कधी सळईच काढावी लागते."

"मग बिगुल फेकायचं?" शाद्याने विचारलं.

"छे! बिगुल तुझ्या शरीरात थोडंच आहे? आधी लवचिक ब्रशने थर खरवडायचा. मग औषध. मग पूर्ण वाळवायचं. ओल नाही, तर गाव नाही. शरीरातल्या थरांसाठी आम्ही वेगळं शोधतोय. जंतूंना एकमेकांचा निरोपच कळू नये असं औषध. अजून जमलेलं नाही. जमेल."

"तोवर मी आहेच," शेवई आतून ओरडली.

शाद्याची छाती साफ होईपर्यंत बिगुल बंदच राहणार होतं. म्हणजे सव्वीस जानेवारीची सलामी हातची गेली. घरी जाताना शाद्या हळूच म्हणाला, "चमकवशील ना रोज?"

"चमकवणं गेलं खड्ड्यात," मंथन म्हणाला. "ब्रशला पांढरं फडकं गुंडाळून आत घालीन. पांढरंच बाहेर आलं, तरच तुझ्या हातात देईन. डाग दिसला, तर तू मला मारलंस तरी देणार नाही. शब्द आहे माझा, शाद्या."