बेचाळीस पायऱ्यांचं अंतर

तो चुकून माझ्या खोलीत आला. त्याला जायचं होतं समोरच्या आस्थापना विभागात. पण आमच्या अँब्युलन्स कंट्रोलच्या इमारतीत सगळी दारं सारखीच राखाडी. हातात फाइल, बुटांना चिखल, आणि चेहऱ्यावर... कसं सांगू, रागवायचंच विसरून गेल्यासारखा शांतपणा. तो उत्तरेच्या स्टँडवरचा ड्रायव्हर होता. तीन कॉलना उशीर झाला म्हणून तीन लाल शेरे मिळाले होते आणि शुक्रवारी साहेब त्याला कायमचं घरी पाठवणार होते.

"कुणाला पाठवायचं ते तुमचं मशीन ठरवतं ना?" दारात वळून त्यानं विचारलं. "मग मला सारखं पूर्वेला का धाडतं? तिथं एक गाडी उभी असते की."

मशीन चुकत नाही, असं मी ठसक्यात सांगितलं. प्रत्येक गाडी कुठे आहे ते डेटाबेसमध्ये यायचं, आणि त्याला जोडलेलं एक एक्स्टेन्शन, म्हणजे तयार पुरवणी-प्रोग्रॅम, पृथ्वी गोल धरून रुग्णापासूनचं सरळ अंतर काढायचं. सर्वांत जवळच्या गाडीला कॉल. प्रोग्रॅममधली ती ओळ आठ महिन्यांपूर्वी मीच लिहिली होती आणि भरपूर भाव खाल्ला होता.

"आपल्या एवढ्याशा शहरासाठी अख्खी पृथ्वी?" तो खुर्चीत बसलाच.

त्याच्या डोळ्यांत इतकं नवल होतं, की मला माझंच काम नव्यानं दिसलं. मी डब्यातलं संत्रं सोलून त्याला दाखवलं — फोडींमधल्या या रेघा म्हणजे रेखांश. मध्यावर लांब लांब, टोकाकडे जवळ जवळ. आमचं शहर पार वर, टोकाकडे. म्हणून इथे पूर्वेकडचा एक अंश उत्तरेकडच्या अंशाच्या निम्माच भरतो. त्यानं एक फोड उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली... आणि खाऊन टाकली.

"पुरावा खाल्लात," मी म्हणाले.

"अजून नऊ आहेत. उरलेला तपासायला उद्या येतो."

आणि तो खरंच आला. रोज, ड्युटी संपली की. घरी माझ्या तंद्रीत उतू गेलेलं दूध मावशीनं दोनदा पुसलं आणि कोण आहे, एवढंच विचारलं. ड्रायव्हर, मी म्हटलं. मग त्याला दुधाला ब्रेक लावायला सांग, म्हणाली.

गुरुवारी तो त्याची वही ठेवून गेला. पूर्वेला गेला, की परतताना तो तिथल्या स्टँडपासून रुग्णाच्या दारापर्यंतचा रस्ताही मोजायचा. मी माझे आकडे शेजारी मांडले. माझी सरळ रेघ त्याच्या वळणावळणाच्या रस्त्यापेक्षा लांब होती. हे होऊच शकत नाही.

शाळेपासून जिभेला एकच वळण — आधी अक्षांश, मग रेखांश. त्या एक्स्टेन्शनला रेखांश आधी हवा होता. मी उलटं भरलं होतं. आठ महिने आमचं अख्खं थंड शहर, दवाखाने, पूल, मावशीचं स्वयंपाकघर, मशीनच्या लेखी कुठल्याशा कोमट समुद्रात तरंगत होतं. तिथे आमचा पूर्वेकडचा अर्धा अंश उत्तरेकडचा पुरा अंश म्हणून मोजला जायचा. म्हणून पूर्वेची जवळची गाडी मशीनला दुप्पट दूर वाटायची, आणि लांबून धावायचा तो. मी लगेच क्रम सुलटा केला. दोन आकडे इकडचे तिकडे झाले आणि पृथ्वी कूस बदलून झोपली होती. तरी ते तिन्ही रुग्ण बरे होऊन घरी गेले होते. त्याच्यामुळे.

सांगावं तर माझी खुर्ची जाणार, न सांगावं तर तो जाणार. शुक्रवारी मी साहेबांसमोर कागद ठेवला. "शेरे त्यांचे नाहीत, सर. माझे आहेत."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. त्याचे तिन्ही शेरे खोडले आणि एक माझ्या फाइलला लावला. मला इतका हलका शेरा कधी मिळाला नव्हता.

तो बाहेर उभा होता. म्हणाला, "मी बदली मागितलीय... या इमारतीखालच्या स्टँडवर."

"तिथून माझ्या दारापर्यंत किती अंतर?" मी विचारलं.

"मशीनला विचारू नका. मी मोजलंय. बेचाळीस पायऱ्या." तो थांबला. "तुम्ही... आवडता मला. निम्म्या मी चढेन. निम्म्या उतराल?"

सोमवारी दुपारी मी लिफ्ट सोडली. मोजत निघाले. सोळाव्या पायरीवर तो समोर — धापा टाकत, हातात एक संत्रं.

"उशीर झाला?"

"नाही," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच अहो-जाहो सुटलं. "तू वेळेआधी आलास."