पाच गावांची फाईल

"राग राग म्हणू नये, राग दारीचा पाहुणा,
उन्हातून आला बाई, त्याला आधी पाणी आणा..."

आईचा तो आवाज अजून कानात आहे. अबुधाबीबाहेरच्या मुसाफ्फात, आमच्या दोन खोल्यांत ती भाकरी थापायची आणि मी कशावरून तरी तणतणत दाराशी उभी असायचे. माझ्याकडे न बघताच ती ही ओवी म्हणायची. मी आणखीच चिडायचे. आता आई गावी असते. मी सव्वीस वर्षांची झाले, अबुधाबीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात व्हिसाच्या फायली करते... आणि तो पाहुणा काही माझ्या दारातून हललेला नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी ऑफिसात शिरत होते, तोच खांद्यावर टपकन काहीतरी पडलं. रंग! नव्या जांभळ्या कुर्त्यावर वाळूच्या रंगाचा टपोरा थेंब.

"कोण आहे रे वर? आंधळा आहे का मेला!"

मराठीत ओरडणं इथे सोयीचं असतं, सहसा कुणाला कळत नाही.

"आंधळा नाही, मॅडम," परांचीवरून आवाज आला. "आणि मेलोही नाही अजून."

तो सरसर खाली उतरला. उन्हाने रापलेला, भुवईवर रंगाचा शिंतोडा. ओलं फडकं माझ्यापुढे धरलं आणि नजर बाजूला वळवली.

"चोळू नका हां. टिपून घ्या."

"मला शिकवू नका."

"बरं. चोळा मग."

मी चोळलं. थेंबाचा तळहाताएवढा डाग झाला. तो हसला नाही, पण न हसण्यासाठी त्याला फार कष्ट पडत होते. मी काहीतरी जहरी बोलणार होते, तेवढ्यात त्याची नजर काचेतून आत गेली... आणि तिथेच अडकली. भिंतीवर आमचं एक पोस्टर आहे. समुद्रात उतरणारा डोंगर, आणि डोंगराला बिलगलेली घरं. लाल, पिवळी, गुलाबी, केशरी.

"हे कुठलं?"

"इटली. समुद्राकाठची पाच गावं आहेत ओळीने. हनिमूनवाले जातात तिथे," मी म्हटलं. आणि रागाच्या भरात जोडलं, "तुमच्या कामाचं नाही ते."

त्याचा चेहरा एकदम बदलला.

"कोळ्यांची गावं आहेत ती, मॅडम. साइटवरचा इंजिनियर सांगत होता. समुद्रातून परतताना आपलं घर लांबून ओळखू यावं, म्हणून तिथे प्रत्येकाने वेगळा रंग दिला म्हणे. माझा बाप हर्णैचा कोळी आहे. मग त्या गावांचं नातं कुणाशी जास्त? माझ्याशी की हनिमूनवाल्यांशी?"

मी ओलं फडकं त्याच्या हातात कोंबलं आणि आत शिरले. त्याचं बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला.

त्या शनिवारी संध्याकाळी तो आला. धुतलेला शर्ट, हातात पासपोर्ट. नाव विघ्नेश. खलिफा सिटीत नव्या व्हिलांच्या साइटवर रंगाऱ्यांचा फोरमन. आमच्या इमारतीचं काम चारच दिवसांचं होतं.

"फाईल करायची," तो म्हणाला. "मे महिन्यात पंधरा दिवस रजा आहे. पाचही गावं."

"एकटेच?"

"एकट्याला बंदी आहे?"

शेजारच्या टेबलावरची रुखसार खाली मान घालून हसली. मी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "कंपनीचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, रोज कुठे राहणार, काय बघणार, सगळं लिहून लागेल. एक कागद कमी पडला तर माझ्या डोक्याला ताप. समजलं?"

"समजलं. तुमचा ताप आधीच बराच आहे."

मग दर शनिवारी तो येत राहिला. एका वेळी एकच कागद घेऊन. मी चिडायचे, सगळे एकदम का आणत नाही म्हणून. तो म्हणायचा, साइट लवकर सुटत नाही, कंपनीचा शिक्का मिळत नाही. शनिवारी दुपारपासून माझं लक्ष काचेच्या दाराकडे असायचं, आणि तो आला की मी पहिलं वाक्य हटकून खेकसूनच बोलायचे.

एका शनिवारी त्याने वहीच्या कागदावर गावांची नावं लिहून आणली. मोंतेरोसो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला, रिओमाज्जोरे. अक्षर ठसठशीत, पाटीवर रंगवल्यासारखं.

"चार गावं पाण्याला लागून," तो म्हणाला. "हे मधलं कोर्नील्या तेवढं वर डोंगरावर. पायऱ्या चढून जावं लागतं. समुद्र समोर असून पाण्यात पाय नाही. रुसून बसलंय वाटतं."

"गावं रुसत नाहीत."

"तुमच्याकडे बघून वाटलं, रुसत असतील." कागद सरळ करत तो हळूच म्हणाला, "पण मला पहिलं तिथेच जायचंय..."

माझे कान तापले. "पुढचा मुक्काम लिहा!" मी ओरडले. रुखसार पाण्याची बाटली घेऊन उगाचच बाहेर निघून गेली.

"खरंच, का जायचंय तुम्हाला?" मी विचारलं. या वेळी आवाज माझ्याही नकळत खाली आला.

तो बोटाच्या पेरावरचा वाळलेला रंग खरवडू लागला.

"सहा वर्षं एकच रंग मारतोय. वाळूचा. वाळूत उभं राहायचं आणि भिंतीला वाळू लावायची. दुसरा चालत नाही... आणि तिकडे बापाने होडीचा उरलेला निळा घराला लावला होता. सगळी आळी हसायची. शाळेत पोरं मला निळ्या म्हणायची. लाज वाटायची मला त्याची. त्या पोस्टरसमोर उभा राहिलो आणि वाटलं, अख्खी पाच गावं माझ्या बापासारखी वागलीत. तिथे उभं राहून त्याला व्हिडिओ कॉल करायचाय. बाबा, तू बरोबर होतास म्हणायचंय. एवढंच."

त्या दिवशी मी त्याच्यावर पुन्हा ओरडले नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फाईल पूर्ण झाली. राहिली फक्त व्हिसा सेंटरची तारीख. ती मिळणं महाकठीण. सकाळी सिस्टिम उघडते आणि मिनिटाभरात सगळ्या तारखा उडतात. सात एप्रिलला मी बसले होते. स्क्रीनवर एक हिरवा चौकोन उगवला: नऊ एप्रिल, सकाळी साडेदहा.

एक बोट दाबायचं होतं. फाईल जाणार होती, व्हिसा येणार होता, तो जाणार होता... आणि मग शनिवारी त्या काचेच्या दारातून कोण येणार होतं?

बोट हललं नाही.

"अरे, ले ना जल्दी!" रुखसार मागून ओरडली. "तुझे नहीं चाहिए तो मेरी डॉक्टर फॅमिली की फाईल को दे दे."

मी खुर्ची सोडली. तारीख तिने घेतली. उद्या दुसरी मिळेल, मी मनाला सांगितलं. उद्या मिळाली नाही. परवाही नाही. मग मी रोज पहाटे उठून फोनवर तारखा धुंडाळू लागले. उन्हाळ्याची गर्दी सुरू झाली होती. दर शनिवारी तो विचारायचा आणि मी म्हणायचे, "अजून नाही, पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला." त्याच्यावर, स्क्रीनवर, भिंतीवरच्या पोस्टरवर मी खेकसत होते. खरं तर कुणावर, ते मला ठाऊक होतं.

मेच्या पहिल्या मंगळवारी तो भर दुपारी आला. बसला नाही.

"फाईल परत द्या, मॅडम."

"आज मंगळवार आहे."

"हो. कंपनी सोमवारी ओमानमध्ये सलालाला पाठवतेय. इथलं काम संपलं, इथला व्हिसाही कॅन्सल. रजाही गेली. खलास."

"सोमवारी? कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे!" ऑफिसातली सगळी टेबलं वळून बघायला लागली, मला पर्वा नव्हती. "दर शनिवारी समोर बसलात आणि शब्द काढला नाहीत? मी काय इथे फॉर्म भरायचं मशीन आहे?"

"सांगून काय केलं असतंत? कीव?" त्याचा आवाजही चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "वाटलं, एक तरी तारीख मिळेल, निघायच्या आधी तिकडे जाऊन येईन. माझ्या देखत लोक येत होते, तारखा घेऊन जात होते. मला तेवढी नाही. पहिल्या दिवशी तुम्ही खरंच बोललात. तुमच्या कामाचं नाही ते, म्हणालात. मी उगाच भांडलो. पेंटरची फाईल कोण पुढे सरकवतं? वाळू मारणाऱ्याने वाळूच मारावी."

त्याने फाईल उचलली. वहीचा तो पाच नावांचा कागद काढून टेबलावर ठेवला, जणू तो त्याचा नव्हताच. आणि दाराकडे वळला.

तो गेला असता, तर ते मी सोसलं असतं. पण पेंटर म्हणूनच आपल्याला अडवलं, असं समजून जाणार होता. बापाच्या निळ्या घराची लाज पुन्हा अंगावर ओढून जाणार होता, आणि ती मी त्याला पांघरवली होती.

"तारीख होती," मी म्हटलं.

त्याचा हात दाराच्या मुठीवर थांबला.

"नऊ एप्रिल. सकाळी साडेदहा. तुझ्या फाईलमध्ये एकही कागद कमी नव्हता, विघ्नेश. पेंटर म्हणून तुला कुणी अडवलं नाही. मी अडवलं. तारीख समोर होती आणि मी घेतली नाही."

तो वळला. इतका राग मी कुणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता, आरशातही नाही. त्याने फाईल जवळच्या टेबलावर इतक्या जोरात आपटली की रुखसारचा स्टेपलर खाली पडला.

"का?" तो म्हणाला. "सांगा ना, का? माझ्या बापाने काय बिघडवलं होतं तुमचं?"

 मी नजर वळवली नाही.

"तुझं काम झालं असतं, तर तू शनिवारी आला नसतास," मी म्हटलं. "आणि मला शनिवार... नाही. शनिवार नाही. मला तू हवा होतास. हवा आहेस. आता हवं तेवढं ओरड माझ्यावर... पण हे ऐकून जा."