गाळणीवरची साखळी

उजाडताच निघायचं, वरच्या फाटकापासून ओढ्याकाठच्या खालच्या फाटकापर्यंत कुदळकाकाच्या वाटेनं उतरायचं आणि अंधार पडायच्या आत पोहोचायचं, एवढीच आमची मोहीम होती. अट एकच. दादाच्या तीनचाकीला वाटेत कुणाचाही हात लागता कामा नये. लागला, तर वाट गेली!

अट वनअधिकारी बाईंची. किड्यांनी आमच्या जंगलातली निम्मी झाडं उभ्या उभ्या वाळवली होती. ती तोडून न्यायला ट्रकचा रस्ता हवा होता आणि बाईंनी नकाशावर बोटानं ओढलेली रेघ नेमकी काकाच्या वाटेवरून जात होती. आम्ही भांडायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्यांना जमेल अशी वाट म्हणता ना? मग तुमच्या भावाला एकट्यानं उतरून दाखवू दे. मी रस्ता पलीकडच्या उतारावरून नेते. नाहीतर उद्या यंत्रं येतात." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण खरं सांगायचं तर आमचं एवढंही ऐकून घेणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि साक्षीला दिलेला एक वनरक्षक. दादाची तीनचाकी मीच जोडलेली आहे, कारण बाइक पार्कातली दुरुस्तीची शेड माझ्याकडे असते. पुढे दोन चाकं, मागे एक, छातीखाली गादी. दादा गुडघ्यांवर ओणवा होऊन तिच्यावर झोपतो, मी पट्टे आवळते आणि पुढचं सगळं तो हातांनी करतो. पेडलही हातांनीच फिरवायची.

पार्कातल्या सगळ्या वाटा काकानं खोदल्या. हिरवी नवशिक्यांची, निळी सरावलेल्यांची, मग लाल, मग काळी. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी तो मुद्दाम त्या वाटेतली सगळ्यात अवघड जागा करून ठेवायचा. तिला तो गाळणी म्हणायचा. "इथं अडलास तर सायकल हातात धर आणि घरी जा. इथून पार झालास तर पुढे याहून वाईट काही नाही," हे त्याचं ठरलेलं बोलणं. गाळणीच्या खांबाला तो माझ्या शेडमधली झिजलेली चेन टांगायचा. पार झालेला जाता जाता ती खळ्ळकन वाजवायचा.

काही वर्षांपूर्वी दादानं काळ्या वाटेच्या गाळणीला बाजूनं वळसा घातला आणि पुढच्याच उडीत कमरेखालचं सगळं घालवून बसला. काका त्यानंतर कुणाशी फारसं बोलला नाही. एकटाच ही शेवटची वाट खोदत राहिला. ती पुरी झाली आणि काका गेला. पाटी लावायची राहिली, रंग द्यायचा राहिला. कुणी तिच्यावरून एकदाही गेलं नव्हतं.

वरच्या फाटकाशी दोन खांब होते आणि त्यांच्यामध्ये मुळांचं जाळं, त्याखाली एक वीतभर उंचीची पायरी. दादानं चाकं तिरपी घातली, एक चाक हवेत गेलं, तीनचाकी कलंडता कलंडता सावरली आणि धाडकन खाली बसली.

"झाली गाळणी!" दादा ओरडला.

"चेन कुठाय?" मी म्हटलं.

"गंजून पडली असेल. तू दिलेली असणार ना!"

मीही हसले. पायानं थोडा पाला उकरून बघितला, चेन दिसली नाही आणि मी तो विषय सोडून दिला. गाळणी पार पडली म्हणजे पुढे सोपं, हे आम्ही लहानपणापासून पाठ केलेलं होतं. दुसरं काही मनात येणार कसं?

पहिला टप्पा खरंच सुरेख होता. काकानं वळणं अशी बांधली होती की तीनचाकी आपली आपण वळत होती. रुंदी बरोब्बर तिच्या चाकांएवढी. वाळक्या झाडांमधून वारा कोरडा खडखडत होता आणि दादा शीळ घालत होता. वनरक्षक मागून धापा टाकत येत होता. "मी फक्त बघायला आलोय हं," तो मला दर वळणाला बजावत होता. "आणि जे बघेन ते लिहिणार."

"लिहा की. मोठ्या अक्षरात लिहा," दादा पुढून म्हणाला.

मग मागचं चाक फाटलं. एका पडलेल्या झाडाखालून सरपटत जाताना फांदीच्या टोकानं टायरच उसवला. माझ्या पाठीवर सगळी हत्यारं होती आणि मला हात लावायचा नव्हता. दादानं पट्टे सोडले, स्वतःला जमिनीवर लोटलं आणि पालथा पडून चाक काढायला लागला. मी हत्यारं त्याच्यापुढे ठेवत गेले आणि तोंडानं शिकवत गेले. माझे हात खिशात नुसते वळवळत होते.

"पाना उलटा धरलायस."

"दिसतंय मला."

"दादा, नट पडला. पाल्यात."

"तू गप्प बस ना जरा. शेडमध्ये पण गिऱ्हाइकाला असंच छळतेस का?"

नट सापडायला इतका वेळ गेला की वनरक्षकानं एक डुलकी काढली. टायरच्या आत दादानं सदऱ्याच्या बाहीची घडी बसवली आणि हवा भरली. पडलेल्या झाडावरून टाकलेल्या दोरीला लोंबकळून स्वतःला परत गादीवर चढवताना त्याची कोपरं सोलून निघाली. तो परत शीळ घालेल म्हणून मी वाट बघत होते. त्यानं घातली नाही.

दुपारनंतर पाऊस आला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! वाट पाणथळीत उतरली. तिथं काकानं लाकडी फळ्यांचा लांब पूल टाकला होता आणि फळ्या कुजल्या होत्या. दादा पुढे निघाला. फळी वाकली. दादा थांबला नाही. दुसरी वाकली, तिसरी कुरकुरली. तो पलीकडे पोचला! मी पळत गेले. शेवटी वनरक्षक आला आणि मधला सगळा भाग त्याला घेऊन खाली बसला. तो कमरेपर्यंत चिखलात होता. दोर टाकून मी त्याला ओढून काढलं. त्याचा वायरलेस आत राहिला आणि मागे जायची वाटही.

"आता खालीच," तो कुडकुडत म्हणाला.

"खालीच जायचंय," दादा म्हणाला.

उजेड उतरायला लागला तेव्हा ओढ्याचा आवाज आला. आमचं घर त्या ओढ्याच्या पलीकडेच आहे. मी मनातल्या मनात चहा ठेवला. शेवटचं वळण घेतलं आणि दादानं दोन्ही ब्रेक दाबले.

पुढे दोन खांब होते. एका खांबाला माझ्या शेडमधली चेन लोंबत होती.

खांबांच्या पलीकडे काळा कातळ सरळ ओढ्याकडे घसरत गेला होता, पावसानं चकाकत होता. त्याच्या पायथ्याशी वाट काटकोनात वळून एका अरुंद पुलावर चढत होती. वळण चुकलं तर ओढ्यातल्या धोंड्यांवर.

"गाळणी ही आहे," मी म्हटलं. "वाटेचं तोंड खाली आहे, दादा. आपण उलटे शिरलोय."

दादा चेनकडेच बघत होता. सकाळपासून सोपं सोपं म्हणत आलो, पण सगळं अवघड या एका जागेसाठी राखून ठेवलेलं होतं. परत फिरायला पूल नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

वनरक्षक घसा खाकरून म्हणाला, "दोरानं उतरवू या. मी... मी तिकडे तोंड करून उभा राहतो."

"नको," दादा म्हणाला. "एकदा गाळणीला वळसा घातलाय मी. पुन्हा नाही."

"अरे, मरशील!"

"मग वाट तर राहील."

"कुणासाठी?" मी ओरडले.

वनरक्षक बाजूच्या मुळ्यांना धरून खाली उतरला आणि वळणाशी उभा राहिला. दादा निघाला. ब्रेक किंचाळले. चाकं थांबली, पण तीनचाकी थांबली नाही! ती तशीच सरकत निघाली, आधी सावकाश, मग भराभर. दादानं हँडल पिळलं. काही उपयोग नाही. पुढचं चाक वळण सोडून ओढ्यावर गेलं. मी कातळावरून बसून घसरत येत होते आणि मला पोचता येणार नव्हतं.

वनरक्षकानं अंग झोकून दिलं. दोन्ही हातांनी चाक छातीशी कवटाळून तो पुलाच्या खांबावर आदळला. तीनचाकी थांबली. दादाचं डोकं ओढ्यावर लोंबकळत होतं.

मी मागचा दांडा धरला, दोघांनी मिळून तीनचाकी पुलावर ओढून घेतली. वनरक्षकाच्या कपाळावरून रक्त येत होतं.

"हात माझा लागला," तो म्हणाला. "तेच लिहावं लागेल. माफ करा, दादा."

"अहो, तुम्ही कशाला माफी मागता," दादा म्हणाला. मग गादीत तोंड खुपसून पडून राहिला. संपलं होतं. त्याला उचलून घरी न्यायचं, एवढंच उरलं होतं. तसं उचलणं मला सवयीचं. रोज सकाळी मी त्याला उचलून जीपमध्ये ठेवते, तीनचाकी मागे बांधते आणि वर पार्कात नेते. रोज तो त्या वेळी दुसरीकडे बघतो.

"हे बघितलंस का?" दादानं मान वर केली होती.

खालून कातळ वेगळाच दिसत होता. त्याच्यावर पायथ्यापासून खांबांपर्यंत छिन्नीनं पाडलेल्या खाचा होत्या, तीन ओळींत. दोन ओळी पुढच्या चाकांच्या अंतरानं, मधली मागच्या चाकाची. प्रत्येक खाच अशी तिरपी की उतरणारं चाक तिच्यावरून घसरून जावं आणि चढणारं तिच्यात बसावं. वरून त्या दिसतच नव्हत्या.

"घरापासून पार्कापर्यंत," दादा हळूच म्हणाला. "रोज वर जायला. एकट्यानं. आणि आपण काकाला म्हणत होतो, कशाला मरतोस खोदत."

ज्या वाटेवरून तो आपला आपण कामावर गेला असता, ती आम्ही वाचवायला निघालो आणि उलट्या टोकानं घालवून बसलो होतो.

दादानं तीनचाकी वळवली. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि पुढची चाकं पहिल्या खाचेत घातली.

"हे जमेला धरणार नाही कुणी आता," वनरक्षक म्हणाला. "वरचा पूल गेलाय. उद्या यंत्रं आहेत."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

एक खाच. थांबा. दुसरी. तीनचाकीची चेन ताणली जात होती, मला तिचा एकेक दुवा ऐकू येत होता. बाहीची घडी घातलेलं मागचं चाक एकदा सुटलं आणि पुन्हा खाचेत बसलं. मी हात खिशात ठेवले. वनरक्षकानंही आपले हात पाठीमागे धरले. दादा मध्येच थांबला, कपाळ गादीवर टेकवून श्वास घेतला. मागे घसरला नाही. काकानं त्याला थांबायला जागा करून ठेवली होती.

उजेड जवळजवळ गेला होता. खांब दिसत नव्हते. मग वर चेन वाजली. एकदाच, पण चांगली जोरात.

गाळणी पार झाली होती. काकाच्या हिशेबानं इथून वरपर्यंतचं सगळं दादाला जमणारं होतं, आणि उद्या तिथं ट्रकचा रस्ता होणार होता. आम्ही दोघं खाली पावसात उभे राहिलो.

थोड्या वेळानं वरून आवाज आला. "मेकॅनिक बाई!"

"काय?"

"दोर आणा. उतरवा आता मला."

दोर खांद्यावर टाकून मी वर गेले. त्याला पट्ट्यांसकट धरलं तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता.