हिरवं पाकीट

कोपऱ्यावरच्या दुकानात फळीवर नारळी कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट एकच उरलं होतं आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"पिवळी आहेत की भरपूर," दुसऱ्या हाताचा मालक म्हणाला.

"पिवळं? सर्व्हरवर? बंदच पडायचा तो!"

तो हसला. गालाला खळी पडली. "म्हणजे तुम्हीच पेइ-रोंग! सर्व्हरच्या कामासाठी तुमच्याकडेच निघालोय... मी बो-रुइ."

आमच्या तायचुंगमध्येच काय, साऱ्या तैवानात मशीन बिनतक्रार चालावं म्हणून त्यावर हे हिरवं पाकीट ठेवल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. माझी तर आधीच घाबरगुंडी उडालेली. चंद्रोत्सव तोंडावर, बाबांच्या ऑनलाइन दुकानात त्या सणाच्या मिठाईच्या, मूनकेकच्या ऑर्डरींचा पाऊस. पैसे भरायची नवी सोय थेट तिथे बसवायची हिंमत नव्हती. म्हणून बो-रुइ दुकानाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या मशीनवर मांडणार होता. बिघडलं तर नकलेत बिघडावं. पण नकलेतली गिऱ्हाइकं खरी होती... त्यांच्या मेलच्या पत्त्यांसकट.

दुपारी नक्कल उभी राहिली. पाकीट मशीनवर विराजमान झालं.

"एक ऑर्डर रद्द करून बघा," तो म्हणाला.

मी बटण दाबलं. एक नाही, सगळ्याच रद्द झाल्या!

"रद्द झाल्याचे मेल गेले... सगळ्या गिऱ्हाइकांना! बाबांना काय सांगू?"

टिंग. टिंग. टिंग-टिंग-टिंग... आवाज बो-रुइच्या खिशातून येत होता.

"सगळे मेल मी माझ्याकडे वळवलेत. बाहेर एकही जात नाही."

"आधी सांगायचं ना! जीव गेला असता माझा."

"सांगणारच होतो. पण तुम्ही हात धरलात... मग सुचलंच नाही."

मी खाली पाहिलं. त्याचं मनगट माझ्या मुठीत घट्ट होतं. मी चटकन सोडलं.

"घाबरू नका हो," तो हळूच म्हणाला. "चुका करायलाच तर हे दुकान मांडलंय."

काम संपलं. त्याने बॅग खांद्याला लावली. "पाकिटाची मुदत संपली की बदलायला येईन."

मी पाकीट उलटून पाहिलं. मुदत पुढच्या वर्षीची! तो दाराशी पोचलासुद्धा.

"आणि... ते कुणी आधीच खाल्लं तर?"

तो वळला. "भलतंच काय! सर्व्हर रुसेल. मग मला उद्याच यावं लागेल."

मशीन खरंच रुसलं तर? आणि तो नुसताच हसून निघून गेला तर? भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी मी पाकीट टर्रकन फाडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"घ्या... उद्या किती वाजता येताय?"