कोनाड्यात राहिलेला दगड

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यासोबत घडली तो महेंद्र माझा सख्खा मावसभाऊ आहे. बी.एस्सी. झालेला, मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. त्याच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली. तिन्ही वेळा एक शब्दही बदलला नाही.

तारीख १८ मे २००२. शनिवार. दौंडची शेवटची घरं मागे पडली की वनखात्याचं एक राखीव कुरण लागतं, तिथली.

महेंद्रला तिथल्या गवताची मोजणी करायची होती. सोबतीला लहानपणापासूनचा मित्र सम्राट. निघताना सम्राटची आई, पार्वतीबाई, दारात आली.

"महेंद्र, सोबत नेतोयस, तसा सोबत आण बाबा. सोमवारी त्याला रेल्वेत हजर व्हायचंय."

"आणतो मावशी. गवतच मोजायचंय, वाघ नाही."

कुरणाच्या फाटकाशी हरिबा नावाचा म्हातारा राखणदार होता. त्याची एक रीत होती. आत जाणाऱ्यानं आपल्या हातानं कोनाड्यात एक दगड ठेवायचा. बाहेर आला की आपल्याच हातानं उचलून टाकायचा. संध्याकाळी दगड उरला, की हरिबा कंदील घेऊन शोधायला निघणार.

"भारी हजेरी आहे मामा," सम्राट हसला.

दोघांनी दगड ठेवले. पण कोनाड्यात आधीच एक होता... काळा पडलेला.

"हा कुणाचा?"

"सर्जेरावचा. माझ्या जोडीचा गार्ड. बारा वर्सं झाली, आत गेला त्यो आलाच न्हाई. त्याची चंची बी तशीच हाय बघा."

खिळ्याला तंबाखूची जीर्ण चंची लटकत होती.

"त्यो दगुड तेवढा हलवू नगा."

हरिबा पाणी आणायला वळला. महेंद्रनं कोनाड्याकडे पाहिलं. माणसं आत दोन, दगड तीन. त्याला चुकीची नोंद बघवत नाही.

त्यानं काळा दगड उचलला आणि रस्त्यापलीकडे भिरकावला.

"उगाच कशाला?" सम्राट म्हणाला.

"हिशेब जुळायला नको?"

आत दोघं दोन रांगांनी निघाले. मधे हिवराची दाट झाडी. एकमेकांना दिसत नव्हते, म्हणून गळ्यात शिट्ट्या. एक शिट्टी म्हणजे ठीक आहे. तीन म्हणजे इकडे ये.

दर पन्नास पावलांवर महेंद्र जमिनीवर लाकडी चौकट टाकायचा, तिच्या आतल्या गवताच्या काड्या मोजायचा, शिट्टी द्यायचा. डावीकडून सम्राटची शिट्टी यायची.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास चंडोल पक्षी गायचे थांबले.

वारा होता. गवत हलत होतं.

पण त्याचा आवाज येत नव्हता...

महेंद्रनं शिट्टी दिली. उत्तर नाही.

पुन्हा दिली.

मग डावीकडून आल्या. एक... दोन... तीन. घाईघाईनं. श्वास पुरत नसल्यासारख्या.

तो तिकडे धावणार, तेवढ्यात समोरच सम्राट दिसला. अंगात त्याचाच लाल शर्ट. पाठमोरा. फाटकाकडे चाललेला.

"अरे, मग शिट्ट्या कोण मारतंय?"

सम्राटनं मागं वळून पाहिलं नाही.

महेंद्र त्याच्या मागोमाग गेला. शिट्ट्यांकडे गेला नाही.

फाटकाशी महेंद्रनं आपला दगड उचलून टाकला. सम्राट कोनाड्याकडे न बघता पुढे गेला. खिळ्यावरची चंची काढली. उघडली. आत नुसता भुगा. तो त्यानं तळहातावर घेतला.

सम्राटनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

"हरिबा," तो म्हणाला, "चुना दे की."

आत जाताना सम्राट त्याला मामा म्हणाला होता.

हरिबाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं कोनाड्यात हात घालून चाचपलं.

"काळा दगुड कुठं हाय?"

महेंद्रनं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

"आन् मग ह्यो दगुड कुणाचा ऱ्हायला, पोरा?"

सम्राटच्या गळ्यात शिट्टी नव्हती. पडली असेल, तो म्हणाला.

तेव्हाच कुरणातून आल्या...

एक. दोन. तीन.

महेंद्र लुनावर बसला. मागे सम्राट बसला. दोघं घरी आले.

दुसऱ्या दिवशी महेंद्र एकटाच कुरणात गेला. दिवसभर हाका मारत फिरला. कोणी सापडलं नाही. आदल्या रात्री कंदील घेऊन फिरलेल्या हरिबालाही सापडलं नव्हतं. मदत तरी कुणाची मागणार? जो माणूस घरी बसून जेवतोय, त्याला शोधायला कोण येईल?

सम्राट सोमवारी नोकरीवर हजर झाला. आजही जातो. मागच्या वर्षी पार्वतीबाईंनी महेंद्रला हळूच बाजूला घेतलं.

"हा मला बाई म्हणतो रे. आई म्हणतच नाही." थोडा वेळ त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "माझ्या सम्राटला तू परत आणलंस ना?"

"आणलं की मावशी," महेंद्र म्हणाला.

दरवर्षी मे महिन्यात तो फाटकाशी जातो. सम्राटचा दगड अजून कोनाड्यात आहे. तो एक शिट्टी देतो आणि थांबतो.

आतून तीन येतात...

दरवर्षी थोड्या लांबून.