गुंबद दरवाज्यातली हाक

बिदरच्या झरणी नरसिंहाच्या भुयारात पाणी छातीला लागलं, डोक्यावरून वटवाघळं फडफडली आणि नीलम्मानं पुढचा खांदा गच्च धरला.

"आत्या, सोडू नकोस गं!"

"तुमच्या आत्या मागं राहिल्या," अंधारातून उत्तर आलं. "मी हावगेप्पा. निर्ण्याचा."

तिनं चटकन हात काढला... आणि पाय घसरताच पुन्हा ठेवला.

"हावगेप्पा? असं नाव असतंय व्हय?"

"आमच्याकडं असतंय. पण कुणी असं नाक मुरडून घेत न्हाई."

"अंधारात माझं नाक दिसलं तुम्हाला?"

"ऐकू आलं की!"

नीलम्मा सोलापूरची. पोलीस ॲक्शन होऊन तीन वर्षं लोटली तरी सोलापूरकर बिदरला मोगलाईच म्हणत. आईवेगळी पोर तिथं शिकायला धाडली म्हणून लोकांनी अप्पांना वेड्यात काढलं होतं. बिदरजवळच्या नौबादला गंगम्मा आत्याच्या घरी राहून ती मास्तरकीचं शिकत होती, आणि हावगेप्पा निघाला तिच्याच वर्गातला. त्याचं नाव म्हणजे तिला खेळणंच सापडलं. जुन्या मदरशाच्या निळ्या नक्षीच्या भिंतीखाली, भर बाजारात, कुठंही ती बैल हाकल्यागत हाळी द्यायची, "हावगेप्पाऽऽ!" आणि तो कानावर हात ठेवत, हसत यायचा.

सत्र संपलं. जाण्याआधी राहिलेली ठिकाणं बघून घ्यायची म्हणून आत्याला घेऊन दोघं हिंडले. अष्टूरला, हिंदूही मानतात त्या सुलतानाच्या कबरीच्या घुमटाशी, आत्या नारळ फोडत असताना त्यानं हळूच विचारलं, "इथंच राहतीस?"

'तुम्ही' पहिल्यांदाच गळून पडलं होतं. थट्टा करायला तिनं ओठ हलवले, पण थट्टा आलीच नाही.

"अप्पांना विचारा," ती म्हणाली.

त्यानं खरंच विचारलं! अप्पा तिला न्यायला आले होते, ते सोलापुरातलं एक स्थळ मनात ठेवून.

"मी बघितलंय त्याचं घर. चांगली माणसं हाईत, अण्णा," आत्यानं पोराची बाजू घेतली.

"तुला आवडलं, गंगम्मा. पोरीचं काय? ही तर त्याची टिंगलच करायलीय. तिच्या तोंडून ऐकल्याबिगर मी व्हय म्हणणार न्हाई."

नीलम्मा भिंतीआड उभी होती. बापासमोर असली गोष्ट कुठल्या शब्दांत सांगतात, ते काही शाळेत शिकवलं नव्हतं.

राहिला होता किल्ला. तो बघायचा आणि संध्याकाळच्या बसनं सोलापूर. दुपारी सगळे गुंबद दरवाज्याच्या सावलीत टेकले. आत्यानं भाकरी, शेंगाची चटणी सोडली. हावगेप्पा पाणी आणायला गेला, तो तटावरच रेंगाळला. अप्पांच्या समोर त्याचा घास उतरला नसता.

"नीला, हाक मार त्याला. बस चुकंल."

ती उठली. घुमटाखाली उभी राहिली. तोंड उघडलं... आणि मिटलं.

"मार की! तुझी हाक गावातल्या चौबारा बुरुजापर्यंत जाती म्हणं."

"तुम्हीच मारा, अप्पा."

"कामून? नाव विसरलीस?"

तिनं मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"विसरले न्हाई... आता घ्यायचं न्हाई."

अप्पांचा घास हातातच राहिला.

"अण्णा," आत्या हलकेच म्हणाली, "वैनीनं तुमचं नाव कधी घेतलं व्हतं?"

अप्पांनी हातातला घास खाली ठेवला. मग उठले, पटका नीट केला, लेकीशेजारी येऊन उभे राहिले आणि छाती भरून ओरडले —

"अहो जावईबापूऽऽ! भाकरी खायला याऽऽ!"

घुमटानं ती हाक उचलली, दुप्पट केली, तटावर फेकली. पारवे भर्रकन उडाले. किल्ला बघायला आलेली माणसं माना वळवून बघू लागली. हावगेप्पा पळत सुटला, आणि पोहोचला तेव्हा तांब्यात घोटभरच पाणी उरलं होतं.

त्यानं अप्पांकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"कुणी... कुणाला हाक मारली?"

नीलम्मानं भाकरीवर चटणी वाढली. मान खाली होती, पण हसू काही केल्या लपेना.

"अहो," ती म्हणाली, "बसा आता."