दोन काळ्या टोप्या

माझी मुलगी जन्मांध आहे. हे दुःख म्हणून सांगत नाही. पुढचे समजावे म्हणून सांगतो.

ती बारा वर्षांची असताना मी तिच्यासाठी आमच्याच शाळेत अर्ज केला. मी तिथे गणित शिकवत असे. जागा एक, उमेदवार तीन: ती आणि दोन मुलगे. मुख्याध्यापकांनी तिघांना एका दुपारी वापरात नसलेल्या वर्गात बोलावले. टेबलावरच्या जुन्या पेटीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. पेटीत टोप्या होत्या, तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या.

"एकामागे एक उभे राहा," ते म्हणाले. "पुढच्यांच्या टोप्या दिसतील, स्वतःची नाही. स्वतःचा रंग ज्याला खात्रीनं कळेल त्यानं बोलावं. नुसता अंदाज केला तर बाद." मग माझ्याकडे वळून हसले. "मास्तर, तुमची लेक सगळ्यात पुढे. तिथे डोळसालाही काही दिसत नाही, म्हणजे अन्याय झाला म्हणायला नको. तुम्ही समोर बसा, तोंडाला कुलूप लावून."

मी बसलो. प्रार्थना केली, पण खरे सांगतो, तिच्यात विनंतीपेक्षा अभिमानच अधिक होता. हे कोडे मुलीने नवव्या वर्षी स्वयंपाकघरातले पेले मांडून सोडवले होते.

टोप्या चढल्या. तिन्ही पांढऱ्या. पेटी बंद झाली. मुलगे गप्प. पंख्याची करकर तेवढी चालू होती. बंद पेटीचा वास उलट वाढत गेला...

"पांढरी," मुलगी म्हणाली. "आम्हा तिघांचीही."

"अंदाज!" मुख्याध्यापक कडाडले. "मागच्यांच्या टोप्या तुला कशा कळणार?"

"अंदाज नाही सर. शेवटचा आत्ताच म्हणाला ना, 'माझी काळी' म्हणून? पुढे तिन्ही पांढऱ्या दिसल्याशिवाय त्याला ते कळेल कसं?"

शेवटचा मुलगा दचकला. "मी... मी काहीच बोललो नाही."

"तू नाही रे. तुझ्या मागचा."

त्याच्या मागे भिंतीपर्यंत रिकामी फरशी होती.

त्या क्षणी मला भय वाटायला हवे होते. माझी छाती मात्र फुगली. तिच्या तर्कात केसभरही फट नव्हती. कुलूप विसरून मी उठलो. "सर, पेटी उघडा. आत दोन काळ्या निघाल्या तर माझी मुलगी खोटी."

त्यांनी पेटी उघडली. ती रिकामी होती.

"एक त्याची..." ते पुटपुटले. "मग दुसरी?"

दोन्ही मुलगे माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांत नव्हे, जरा वर. मुख्याध्यापकांनीही तिकडे पाहिले आणि मान खाली घातली.

मी टोपी कधीच घालत नाही.

मुलीला प्रवेश मिळाला. आज ती त्याच शाळेत गणित शिकवते. तिच्या तोडीचा शिक्षक तिथे झाला नाही. हे बाप म्हणून नव्हे, त्याच विषयाचा शिक्षक म्हणून सांगतो. दुसऱ्याच्या डोक्यावरचे सर्वांना दिसते, आपल्या डोक्यावरचे आपल्याला दिसत नाही, हे मी जन्मभर मुलांना शिकवले. त्या दिवशी घरी आल्यावर आरशात पाहिले. केसच होते.

मी रोज देवापुढे डोके टेकतो. टेकण्यापूर्वी हात आपोआप वर जातो आणि खाली पडू पाहणारे काहीतरी सावरतो. मग बोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.